पेटीने दिलेले कान

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या केव्हाच भरल्या होत्या, उरलेली मंडळी भिंतीला टेकून उभी होती आणि सगळ्यांचे डोळे एका साडेतीन वर्षांच्या मुलीवर खिळले होते. ती मधोमध, जमिनीवर फतकल मारून, लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचत होती. तिच्या पाठीमागे पुरुषभर उंचीचे, अक्रोडाच्या लाकडाचे दोन स्पीकर उभे होते.

"ही पोर जन्मापासून ठार बहिरी," स्पीकरच्या कारखान्याचे मालक मधाळ आवाजात म्हणाले. "डॉक्टरांनी हात टेकले. आता बघा हं."

त्यांनी बटण दाबलं. मोठ्या ड्रमचा ठोका पडला. भिंगरीनं (घरीदारी तिला सगळे भिंगरीच म्हणत) गर्रकन मान मागं वळवली.

"अहाहा!" अख्खी खोली एका तोंडानं म्हणाली. एका बाईंनी तर डोळ्यांना रुमाल लावला.

"बाजारातला स्पीकर कानाला ऐकवतो," मालक म्हणाले, "आमचा जिवाला ऐकवतो. हातानं घडवलेल्या वस्तूत घडवणाऱ्याचा श्वास असतो!"

श्वास म्हणे! त्या स्पीकरमधली तारेची कॉइल भिंगरीची आई गुंडाळायची, आणि धुळीचा कण जाऊ नये म्हणून तोंडाला फडकं बांधून गुंडाळायची. तिचा श्वास त्यात शिरणार कुठून?

पण आईनंही यातलं काही मनात आणलं नव्हतं. ती कोपऱ्यात उभी राहून लेकीकडे डोळे भरून बघत होती. आठ महिन्यांपूर्वी कानाच्या डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनची तारीख दिली होती. कानाच्या आत यंत्र बसवायचं, मग हळूहळू ऐकू येईल, बोलता येईल. त्याच आठवड्यात भिंगरी आईबरोबर कारखान्यात आली, या खोलीत ड्रम वाजला आणि पोरीनं वळून पाहिलं. आईनं आनंदानं रडून गोंधळ घातला आणि ऑपरेशन रद्द करून टाकलं. एवढ्याशा जिवाच्या डोक्याला कुठली आई सुखासुखी सुरी लावू देईल? मालकांनी मात्र वेळ दवडला नाही. पुढच्याच रविवारपासून कार्यक्रम सुरू केला.

आज मागच्या रांगेत डॉक्टरीणबाई स्वतः येऊन बसल्या होत्या. आई फोन उचलत नाही म्हटल्यावर दुसरं करणार काय?

"नेहमी ड्रमच का हो?" त्यांनी विचारलं. "बासरी लावा की."

"बासरीचे सूक्ष्म स्वर तिच्या जिवाला अजून पेलत नाहीत," मालक न अडखळता म्हणाले.

डॉक्टरीणबाई उठून आईजवळ आल्या. "ताई, ही जमीन कसली आहे?"

"लाकडी. खालून पोकळ. आवाज अंगात शिरावा म्हणून मुद्दाम..." आई बोलता बोलता थांबली.

अकरा वर्षं ती तयार झालेल्या स्पीकरच्या प्रत्येक पेटीवर तळवा दाबून ड्रम वाजवत आली होती. तळव्याखाली लाकूड थरथरलं, की जोड सैल म्हणून पेटी सुताराकडे परत. आवाज हाताला कळतो हे तिच्याइतकं त्या खोलीत कुणाला ठाऊक होतं?

ती तडक पॅकिंगच्या खोलीत गेली, फोमची जाड गादी आणली, दुहेरी घडी केली आणि भिंगरीला ठोकळ्यांसकट तीवर बसवलं.

"लावा मालक."

"बाई, आता नको. पोर दमलीय."

आईनं स्वतःच बटण दाबलं. काचा खणाणल्या. भिंगरीनं चौथा ठोकळा ठेवला. आईनं आवाज वाढवला. भिंगरीनं पाचवा ठेवला. मग आईनं फोम ओढून काढला, लेकीला फळ्यांवर बसवलं आणि पुन्हा ठोका दिला. भिंगरी वळली.

"फोमनं तिच्या ऊर्जेची वाट अडली!" मालक ओरडले.

"ऊर्जा नाही, थरथर अडली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जमीन हलते ते तिच्या अंगाला कळतं. तुम्हीही हात टेकून बघा ना. या पोरीनं आठ महिन्यांत एक अक्षर ऐकलेलं नाही."

आईनं पुन्हा ठोका दिला. चारदोन जणांनी वाकून हात टेकले आणि एकमेकांची तोंडं बघितली.

"ती बरी झाली असं मी कधी म्हणालो?" मालक फडक्यानं स्पीकर पुसू लागले. "मी फक्त म्हणालो, बघा."

"तुम्हाला माहीत होतं," आई म्हणाली. "म्हणून बासरी लावली नाहीत. बासरीनं जमीन हलली नसती."

तेवढ्यात एक गृहस्थ पुढं सरसावले. "ते असू द्या हो, पण काय दणका आहे! ही जोडी कधी मिळेल?" मालकांनी लगेच वही उघडली.

आई लेकीला उचलून बाहेर पडली. जिन्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ऑपरेशन अजून करता येईल. पण भाषा पटकन शिकण्याचं वय निघून चाललंय. आठ महिने फार होतात, ताई."

"मला शिव्या तरी द्या हो!"

"शिव्या देऊन काय करू? उद्या सकाळी या."

फाटकाशी एक आजोबा पुढच्या खेळासाठी थांबले होते. कडेवर दोनेक वर्षांचा नातू. भिंगरीला पाहून त्यांचा चेहरा फुलला.

"हीच का ती? आमच्या बाळालाही ऐकू येत नाही. डॉक्टर ऑपरेशन सांगतात, पण म्हटलं, आधी इथं आणावं."

"आजोबा, तिला ऐकू येत नाही. जमीन हलली की ती वळते, बस्स."

"असं कसं? लोकांनी डोळ्यांनी पाहिलंय!"

"मीही पाहिलं, दर खेपेला पाहिलं. एकदाही तपासलं नाही." आईनं कडेवरची लेक सावरली. "मी सांगते म्हणूनही विश्वास ठेवू नका. स्वतः बघा."

तिनं भिंगरीला सिमेंटच्या ओट्यावर पाठमोरी बसवलं, दोन पावलं मागं सरली आणि गळ्याच्या शिरा ताणून हाक मारली, "भिंगरी!"

रस्त्यापलीकडची माणसं वळली. आजोबांच्या हातातली पिशवी पडली. भिंगरी ओट्यावरच्या मुंग्या बघत राहिली.

आजोबांनी नातवाला छातीशी धरलं आणि विचारलं, "दवाखाना कुठल्या बाजूला आहे?"