मेलेला लाल्या

खिळ्याला एकही शत्रू नव्हता आणि हीच त्याची मोठी पंचाईत होती. ड्रिल नावाचं रॅप गाणाऱ्यांची रीत ठरलेली: तोंडावर मुखवटा चढवायचा, आवाज खाली न्यायचा आणि समोरच्या टोळीतल्या मेलेल्या पोराचं नाव घेऊन डिवचायचं. खिळा बिचारा आईच्या लाँड्रीत इस्त्री करायचा. आयुष्यात भांडला तो एकदाच, गिऱ्हाइकाशी, तेही तुटलेल्या बटणावरून.

मग त्याने एक मेलेला पोरगा तयार केला. नाव ठेवलं लाल्या. पुढचा दात तुटका, पायात लाल बूट, चालताना शीळ घालायची खोड. डोकं फार खाजवावं लागलं नाही, कारण दात, बूट, शीळ, सगळं त्याचं स्वतःचंच होतं. आवाज घुमू नये म्हणून कपाटात ब्लँकेटं टांगून त्याने सगळी गाणी रेकॉर्ड केली. प्रत्येक गाण्यात लाल्या त्याच्या हातून मरायचा.

गाण्यांचे बीट बनवणाऱ्या मित्राने विचारलं, "हा लाल्या कोण रे?"

"होता एक," खिळा म्हणाला.

त्या गाण्यांची मिक्सटेप बघता बघता पोराटोरांच्या तोंडी झाली. मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम ठरला. मित्राने बजावलं, "खोटा निघालास तर कुत्रं विचारणार नाही तुला." तेव्हापासून खिळा इस्त्री करतानाही मुखवटा काढेना, अगदी आईसमोरही.

एके दिवशी कोपऱ्यावर लाल्यासाठी कुणी फुलं ठेवली. भिंतीवर त्याचा चेहरा रंगवला गेला, तुटक्या दातासकट. "माझ्या वर्गात होता," एक पोरगी डोळे पुसत म्हणाली. खिळ्याला आधी हसू आलं, मग त्याने मुखवटा आणखी खाली ओढला. घरी आईने एकच ताट वाढलं होतं.

"माझं कुठंय?"

ती दचकली. "अगं बाई, विसरलेच!"

कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी लाँड्रीत एक बाई आली. हातात कपडे नव्हते.

"माझ्या लाल्याला तूच मारलंस ना?" तिने शांतपणे विचारलं. "मी पोलिसांत जाणार नाही. कुठे ठेवलायस, तेवढं सांग."

गप्प राहिला असता तर उद्याचा हॉल त्याचाच होता. पण त्या बाईचे डोळे त्याला बघवेनात. त्याने मुखवटा काढून काउंटरवर ठेवला आणि तो काउंटरमागून बाहेर आला.

"मावशी, कुणीही मेलं नाही. लाल्या कधी नव्हताच. मी रचलं त्याला. कार्यक्रम गेला खड्ड्यात, सगळ्यांना सांगतो मी."

त्याला फार हलकं वाटलं. बाई त्याच्या दाताकडे बघत होती. मग तिची नजर बुटांवर गेली.

"किती वाळलास रे," ती म्हणाली आणि तिने त्याचा हात धरला. हात गरम होता, पकड घट्ट.

"आई!" खिळा ओरडला.

"आहे रे राजा, इथेच आहे," बाई म्हणाली.

घड्या केलेले कपडे घेऊन आई पडद्याआडून आली. गिऱ्हाइकाकडे बघावं तसं तिने त्याच्याकडे बघितलं आणि तिचे डोळे भरून आले.

"सापडला का हो तुमचा मुलगा? बरं झालं बाई. माझ्या पोराच्या जिवालाही घोर लागला होता."

"आई, अगं मी!"

"हळू बोल बाळा," ती मायेने म्हणाली. "आत माझा मुलगा काम करतोय."

पडद्यामागे इस्त्रीची वाफ फुसफुसली. काउंटरवर मुखवटा नव्हता.