गरम पाणी येत नसल्यास

माझे बाबा चाळीस वर्षं गॅस फिटर होते आणि मी एकवीस वर्षं माहितीपुस्तिका लिहिते आहे. म्हणजे गीझर, शेगड्या, हीटर असल्या वस्तूंच्या खोक्यात जे पातळ पुस्तक असतं आणि जे लोक खोक्याबरोबर फेकून देतात, ते मी लिहिते. बाबांनी आयुष्यात एकही माहितीपुस्तिका उघडलेली नाही आणि हे ते आल्यागेल्याला अभिमानाने सांगतात. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी त्यांना माझ्या पहिल्या पुस्तिकेची प्रत नेऊन दिली होती. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली, "कागद बरा आहे" म्हणाले आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. टेबल तेवढं स्थिर झालं.

आई गेल्यावर त्यांनी घर विकलं आणि कॅम्पर घेतला. कॅम्पर म्हणजे चाकांवरची दीड खोली. एक पलंग, एक ओटा, अंग चोरून उभं राहता येईल एवढं न्हाणीघर, आणि बाहेरच्या अंगाला जाळीच्या झाकणामागे प्रोपेन गॅसवर चालणारा छोटासा गीझर. "आता देश बघणार," म्हणाले. देश बघायला जे निघाले ते माझ्या घरापासून पाऊण तासावर, नदीकाठच्या कॅम्परतळावर थांबले आणि तीन वर्षं तिथून हलले नाहीत. चाकांत हवा मात्र दर महिन्याला न चुकता भरतात.

या तीन वर्षांत घरी राहायला चला म्हणून मी त्यांचं डोकं खाल्लं. नुसतं खाल्लं नाही, मुद्देसूद खाल्लं, कारण तो माझा धंदाच आहे. तुमचे गुडघे दुखतात. तुमचा रक्तदाब वर-खाली होतो. कॅम्परची पायरी उंच आहे. आमची मागची खोली रिकामी आहे आणि दवाखाना कोपऱ्यावर आहे. बाबांनी एकेक मुद्दा निकालात काढला. पायरीखाली आणखी एक पायरी ठोकली. रक्तदाब मोजायचं यंत्र आणलं. मागच्या खोलीबद्दल म्हणाले, "रिकामी आहे तर सामान ठेव." मी तणतणत परत यायची आणि पुढच्या रविवारी नवे मुद्दे घेऊन जायची.

मग गेल्या गुरुवारी त्यांचाच फोन आला.

"कालपासून गीझर बंद आहे. मला काही आता खाली वाकून होत नाही. तू ये आणि तुझ्या त्या पुस्तकात बघून काय ते कर. चालू झाला तर मी इथेच राहणार, पुन्हा विषय काढायचा नाही. नाही झाला तर येतो तुझ्याकडे. गार पाण्याने आंघोळ करायचं माझं वय राहिलं नाही."

फोन ठेवला आणि नवऱ्याला सांगितलं, मागची खोली झाडायला घे. तीन वर्षं जे माझ्या मुद्द्यांना जमलं नाही ते एका बिघडलेल्या गीझरने करून दाखवलं होतं. माझा बेत साधा होता. झाकण उघडायचं, दोन-चारदा "हं, हं" करायचं, मान हलवायची आणि बाबांना बॅगेसकट गाडीत बसवून आणायचं. गीझर चालू करायचा माझा अजिबात विचार नव्हता.

शनिवारी सकाळी पोचले तेव्हा बाबा घडीच्या खुर्चीवर बसले होते आणि शेजारच्या खुर्चीवर ड्रायव्हरकाका. हे पलीकडच्या कॅम्परमध्ये राहतात. तीस वर्षं बस चालवून निवृत्त झाले. अतिशय मदतशील माणूस आहे. कुणी नको म्हटलं तरी मदत करतात.

"ही माझी मुलगी," बाबा त्यांना म्हणाले. "पुस्तकं लिहिते. स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा हे ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी."

"असं का," ड्रायव्हरकाका कौतुकाने म्हणाले. "मग होतं का त्यांचं काम?"

"ते हिला कोण कळवायला बसलंय."

झालं. माझं डोकं फिरलं. पाच मिनिटांपूर्वी तो गीझर बंदच राहावा असं मला मनापासून वाटत होतं, आणि आता तो असा धडधडून पेटवावा की पलीकडच्या काठावर ऐकू जावं, असं वाटायला लागलं. हा स्वभाव मला कुठून मिळाला ते खुर्चीवर बसून पाय हलवत होतं.

गीझर आमच्याच कंपनीचा, त्यामुळे पुस्तिकाही माझीच. पान अठरा. वर ठळक अक्षरात "गरम पाणी येत नसल्यास" आणि खाली सहा ओळींचा तक्ता. प्रत्येक ओळीत एक कारण आणि एक उपाय, सोप्याकडून अवघडाकडे. तो तक्ता जुळवायला मला चार महिने लागले होते. पुस्तिका गवतावर पसरली, वर दगड ठेवला आणि मी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

पहिली ओळ, सिलिंडरचा कॉक उघडा आहे का. कॉक बंद होता.

"अरे," बाबा म्हणाले. "राहिला वाटतं."

चाळीस वर्षं गॅसमध्ये काढलेला माणूस सिलिंडरचा कॉक विसरतो, याचं मला फार वाईट वाटलं. खरंच थकले, असं मनात आलं आणि माझा राग थोडा उतरला.

दुसरी ओळ, फ्यूज. तो जळलेला नव्हता, पण जागेवरून निसटून खाली पडला होता. तो दाबून बसवला. मग टाकीच्या सुरक्षा झडपेची दांडी उचलून आत पाणी आहे याची खात्री केली, कारण रिकामी टाकी कधीही तापवायची नसते. पाण्याची चिळकांडी माझ्या बुटावर आली. आता आत जाऊन बटण दाबलं की झालं, अशा तोऱ्यात मी उठले.

"थांब," बाबा म्हणाले आणि खुर्चीतून ताडकन उभे राहिले. वाकून ज्यांना काही होत नाही, असे बाबा. "आधी नळी बघ. बटण दाबायच्या आधी नळी तपासायची असते."

मी खाली पुस्तिकेकडे पाहिलं. तिसरी ओळ, ठळक अक्षरात. "बटण दाबण्यापूर्वी बर्नरची नळी तपासावी." कोळ्यांना गॅसचा वास आवडतो आणि ते नळीत जाळी करतात, म्हणून ती ओळ घातली होती. रागाच्या भरात माझी स्वतःची ओळ मीच ओलांडून पुढे चालले होते.

नळी काढून आत बॅटरी मारली. कोळिष्टक नव्हतं. पांढऱ्याशुभ्र कापसाचा बोळा होता, नीट वळून आत सरकवलेला.

"कोळी असेल," बाबा म्हणाले आणि नदीकडे बघायला लागले.

"कोळ्यांचं काही सांगता येत नाही," ड्रायव्हरकाका म्हणाले.

मी बोळा खिशात टाकला आणि पुढे गेले. चौथी ओळ, ठिणगीची वायर. ती सुटलेली होती, ती जोडली. आता मला पान बघायची गरज उरली नव्हती, पाचव्या ओळीतलं, टाकी फार तापली की उडणारं छोटं लाल बटण बाहेर आलेलं असणार हे मला आधीच माहीत होतं. तसंच होतं, ते आत दाबलं. बिघाड माझ्या तक्त्याच्या क्रमाने चालले होते. आणि गॅसच्या एकाही नटाला कुणी हात लावलेला नव्हता. कुणाला इजा होईल असं काहीच नव्हतं. इतकं सांभाळून बिघडवायला मुरलेला गॅस फिटर लागतो, आणि त्याने माझं पुस्तक ओळ न् ओळ वाचलेलं असावं लागतं.

आत जाऊन बटण दाबलं. टक, टक, टक, आणि मग भस्सकन निळी ज्योत पेटली. ड्रायव्हरकाकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा "हं" म्हणाले.

पाणी तापायला वीस मिनिटं लागतात. मी पायरीवर बसून राहिले. पहिली पाच मिनिटं मला नुसता आनंद झाला, वेड लागल्यासारखा. त्यांनी वाचलं होतं. एकवीस वर्षांनी का होईना, चष्मा लावून, लक्ष देऊन वाचलं होतं. मग हळूहळू दुसरी गोष्ट डोक्यात शिरली. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस दुखऱ्या गुडघ्यांवर गवतात बसून स्वतःचा गीझर पाच ठिकाणी बिघडवतो, तो कशासाठी? त्याला यायचं होतं. येतो म्हणायला जीभ रेटत नव्हती, म्हणून त्याने गीझरकडून वदवायचं ठरवलं होतं. आणि मी बसले होते पुस्तक खरं करत. मला माझीच लाज वाटली.

सुदैवाने सहावी ओळ बाकी होती. थंडीत पाणी गोठतं म्हणून टाकी रिकामी ठेवतात तेव्हा पाणी टाकीला वळसा घालून थेट नळाकडे जावं म्हणून गीझरच्या मागे, पलंगाखाली, दोन कॉक असतात. ते तसेच राहिले तर टाकी खुशाल तापत राहते आणि नळाला गार पाणी येतं. बाबांनी तेही फिरवून ठेवले असणार; सरळ करायला अर्धं मिनिट पुरतं, पण मी त्यांना हात लावणार नव्हते.

वीस मिनिटं झाल्यावर मी नळाखाली हात धरला. बाबा दारात उभे होते.

"गार?" त्यांनी विचारलं. फारच सहज विचारलं.

"गार."

"मग आता पुस्तक काय म्हणतं?"

पलंगाची फळी माझ्या गुडघ्याला लागत होती. ती उचलायची आणि बाबांचं तोंड बघायचं, याची मी तरुणपणापासून वाट पाहत होते.

"पुस्तक संपलं, बाबा," मी म्हटलं. "तंत्रज्ञ बोलवा म्हणतं."

"म्हटलंच होतं मी," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "पुस्तकं वाचून कुठे गीझर चालू होतात?"

मी फळीपासून गुडघा मागे घेतला. तेवढं करणं मला किती जड गेलं ते माझं मला माहीत.

"गार येतंय?" बाहेरून ड्रायव्हरकाकांचा आवाज आला. "ज्योत तर झकास आहे की." आणि आम्ही काही म्हणायच्या आत ते आत आले, त्यांनी फळी उचलली आणि डोकं खाली घातलं. "अहो, हे कॉक अजून थंडीतल्यासारखेच आहेत. माझंही मागच्या वर्षी अगदी असंच झालेलं. पुस्तिकेत आहे हे, सहावं कारण. फार छान लिहिलंय कुणीतरी."

नळातून वाफ यायला लागली. ड्रायव्हरकाका शाबासकीसाठी आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होते. एकवीस वर्षांत बाबांखेरीज मला भेटलेला पहिला वाचक, आणि त्याला नदीत ढकलावं असं मला वाटत होतं.

"उपकार झाले," बाबा त्यांना म्हणाले.

मग त्यांनी नळ बंद केला आणि पलंगाच्या कडेवर बसले. बाबा शब्दाला पक्के आहेत, तेच तर दुखणं आहे. "चालू झाला," ते म्हणाले. "तेव्हा ठरल्याप्रमाणे." मग नळाकडे बघत म्हणाले, "तुझं पुस्तक चांगलं आहे."

हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायला मी काय वाटेल ते केलं असतं, आणि त्या वेळी ते ऐकावं लागू नये म्हणूनही. मी मुद्दे शोधायला लागले. गुडघे, रक्तदाब, पायरी, सगळे वापरून झालेले होते. गरम पाणी तर समोर होतं.

"बाबा, घरी चला," मी म्हटलं.

"का? आता काय अडलंय इथे?"

"काही अडलेलं नाही. मला तुम्ही घरी हवे आहात. संध्याकाळी कामावरून आले की तुम्ही घरात दिसायला हवेत. मला करमत नाही तुमच्याशिवाय."

ड्रायव्हरकाकांनी फळी हळूच जागेवर ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदाच मदत न करता निघून गेले.

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला.

"हे एवढंच आधी म्हणायचं होतंस," ते म्हणाले. "कालपासून कसलं, अकरा दिवस गार पाण्याने आंघोळ करतोय मी."