बारा तासांची बाई

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी एक जुनी कमोडची खुर्ची आहे, पण स्वच्छ आहे. आजारी माणसाला संडासापर्यंत चालवत नाही, तेव्हा मला त्याच्या खाटेशी आणतात. बसायच्या जागी भोक, खाली प्लास्टिकचे भांडे आणि पायांना चार चाके. सातिवलीच्या एका गाळ्यात पाइप वाकवून मला जोडले आणि दोन हजार एक साली उमेळे गावातल्या एका नव्या इमारतीत, जयवंतरावांच्या घरी आणले.

त्यांच्या वडिलांची, आप्पांची, उजवी बाजू लुळी पडली होती. बोलणे जड झाले होते, पण समज शाबूत होती. त्यांना सांभाळायला चिंचोटीहून भागूबाई यायची. सकाळी आठ ते रात्री आठ, रोजचे सत्तर रुपये, असे ठरले होते. ती आधी माझ्या चाकांचे ब्रेक लावायची, मग आप्पांना काखेत धरून अलगद बसवायची आणि त्यांना लाज वाटू नये म्हणून पाठ करून उभी राहायची. एवढी साधी गोष्ट त्या घरात दुसऱ्या कुणाला सुचलेली मी पाहिली नाही.

जयवंतराव फार मोठे गृहस्थ. मुंबईच्या कचेरीत कर्मचारी संघटनेचे चिटणीस होते. साडेपाचनंतर एक कागद हलवला तरी त्याचा ओव्हरटाइम घेत आणि जेवताना ते मोठ्याने सांगत. वडिलांच्या खोलीत मात्र त्यांचे पाऊल उंबरठ्यापुढे पडत नसे. "आप्पा, बरं आहे ना?" एवढे विचारून, श्वास रोखून परत जात. त्यांच्या पत्नी सुनंदाताई दारातल्या दारात उदबत्ती लावून जात. त्यांच्या मते तीच सेवा.

एका संध्याकाळी ताई म्हणाल्या, "भागूबाई, आजची रात्र राहा. तू काय परकी आहेस? घरातलीच तर आहेस."

ती राहिली. दुसऱ्या रात्रीही राहिली. असे सात महिने गेले. रविवारी दुपारी तेवढी घरी जाऊन आपल्या मुलांना बघून यायची. रात्री आप्पांना तीन-तीन वेळा उठवावे लागे, आणि पगार तोच, सत्तर रुपये.

त्या वर्षी गणपतीत सोसायटीने जयवंतरावांचा शाल-नारळ देऊन सत्कार केला. कशासाठी, तर पितृसेवेसाठी. लाउडस्पीकर थेट आमच्या खिडकीखाली होता. "वडिलांसाठी रात्ररात्र जागलो," जयवंतराव सांगत होते, "पण ते माझं कर्तव्यच होतं." टाळ्या पडल्या. भागूबाई तेव्हा माझे भांडे घासत होती. तिचा हात थांबला. आप्पांनी भिंतीकडे तोंड फिरवले.

साहेब शाल पांघरूनच वर आले. भागूबाईने त्यांना दारातच गाठले.

"सायेब, सात मयने राती जागले मी. त्याचे पैशे कवा देनार?"

"कसले पैसे? इथेच जेवतेस, इथेच झोपतेस. आणि घरकामाला ओव्हरटाइमचा कायदा नाही. मला विचार, मी युनियनमध्ये आहे."

ताईंना तर वाईटच वाटले. "आम्ही तुला घरातली समजलो, भागूबाई."

"घरातली मानसं तुमच्याबरबर जेवतात, ताई. माझी थाळी तुमी न्हानीत ठेवलीय." ती शांतपणे म्हणाली. "उद्यापासून मी आठ वाजता जानार."

आणि दुसऱ्या दिवशी आठ वाजता ती गेली. नऊच्या सुमारास आप्पांनी हाक मारली. साहेब नाकाला रुमाल बांधून आले, पण ब्रेक लावायला विसरले. मी मागे सरकले आणि आप्पा जमिनीवर पडले. मित्रांनो, मला स्वतःहून थांबता येत नाही. आप्पांचे कोपर सोलवटले. पितृसेवक वॉचमनला बोलवायला जिना उतरत होते.

सकाळी रात्रीसाठी दुसऱ्या बाईची शोधाशोध सुरू झाली. गावातली थेरेसाही हेच काम करायची. तिने दारातूनच सांगितले, "रात्रीचे वेगळे पडतील. आणि आधी भागूचे द्या." मग आणखी दोघींनी तेच सांगितले.

चौथ्या दिवशी साहेब नमले. "रात्रीचे पन्नास देईन. आजपासून. मागचं विसर."

"माज्या कमरेला सांगा इसरायला," भागूबाई म्हणाली.

तेव्हा माझ्यावर बसलेले आप्पा बोलले. एकेक शब्द ओढून आणावा तसे बोलले. "माझ्या... पेन्शनमधून दे. सगळे."

"आप्पा, तुम्हाला यातलं कळत नाही."

"मी... जागा होतो," आप्पा म्हणाले. "रोज रात्री. तू... नव्हतास."

साहेबांनी बँकेचा कागद आणला. पैसे काढायच्या कागदावर आप्पांनी डाव्या हाताचा अंगठा उठवला, आणि तीन महिन्यांत भागूबाईच्या सगळ्या रात्रींचे पैसे फिटले. जयवंतराव लोकांना सांगत सुटले, की बाईला आम्ही दिवाळीचा बोनस दिला. खोटे बोलायला त्यांना कधी जादा वेळ लागत नसे.

आप्पा दोन हजार चार साली गेले. शेवटपर्यंत भागूबाई त्यांच्यापाशी होती, दिवसाचे वेगळे आणि रात्रीचे वेगळे पैसे घेऊन. मला गच्चीवर टाकीखाली टाकले. गंज चढला. त्याचे मला दुःख नाही, कारण गंज दुखत नाही.

माणसाची कंबर मात्र दुखते, मित्रांनो. तुमच्या आजी-आजोबांना कुणी उचलून बसवत असेल, तर ठरलेली वेळ झाली की तिला घरी जाऊ द्या. थांबवायचे असेल तर आधी पैसे ठरवा, मग विनंती करा. दोन्ही जमत नसेल, तर उठा आणि भांडे स्वतः धुवा.