डकोटाचं पान

“हे मराठी नाही,” इन्स्पेक्टर सुब्बाराव म्हणाले आणि त्यांनी वही कृष्णाजीच्या नाकासमोर धरली. “मला मराठी येतं. बेळगावला चार वर्षं काढलीत मी. पाट्या वाचल्या, अर्ज वाचले. हे काय आहे ते सांगा.”

“मोडी आहे, साहेब. मराठीच. नुसती लिपी निराळी.”

“म्हणजे गुप्त लिपी.”

“अय्यो, गुप्त कसली! आमच्या आजोबांच्या वेळी कचेरीतले कागद याच लिपीत लिहायचे.”

“आणि आता कोण लिहितं?”

कृष्णाजीनं डोक्यावरची टोपी उगाच सारखी केली.

सकाळचे साडेआठ वाजले होते. चामराजपेटेतल्या त्या दीड खोलीच्या घरात एवढी माणसं कधी पूजेलासुद्धा जमली नव्हती. दारात हवालदार, खिडकीत शेजारपाजार, कॉटवर साहेब आणि साहेबांच्या मांडीला लागून अकरा वह्या. कुणा भल्या माणसानं निनावी अर्ज टाकला होता: हा इसम रोज गच्चीवर उभा राहतो, आभाळाकडे बघतो, घड्याळाकडे बघतो आणि वहीत काहीतरी लिहितो. अर्जातलं अक्षर न् अक्षर खरं होतं, हीच तर पंचाईत. एरवी या प्रकाराला सगळी पेठ हसायची. पण हा नोव्हेंबर बासष्ट सालातला होता. तिकडे चीनशी लढाई पेटलेली, दिल्लीनं आणीबाणी पुकारलेली. कुणी रेडिओची तार जरा लांब टांगली तरी लोक संशयानं बघायचे.

आता कृष्णाजी म्हणाल, तर महसूल कचेरीतला रेकॉर्डचा कारकून. वय सत्तेचाळीस, डोक्यावर काळी टोपी, पोटात आम्लपित्त. विमानात बसणं जन्मात घडलेलं नाही. जक्कूरच्या फ्लाइंग क्लबच्या कुंपणाला नाक लावून रविवार घालवले, एवढीच त्याची हवाई कारकीर्द. पण नुसत्या आवाजावरून विमान ओळखावं ते यानंच. मागच्या लढाईत या गावावरून गोऱ्यांची विमानं जायला लागली, तेव्हापासूनची ही खोड. वेळ, दिशा, जात, सगळं वहीत. मोडीत लिहायचं कारणही साधंच. मोडी हात न उचलता धावती लिहिता येते. बाळबोध अक्षरं कोरत बसलं, तर पहिली ओळ पुरी होईतो विमान गावाबाहेर येलहंक्याच्या पार.

बरं, नुसतं विमान टिपून थांबेल तो कृष्णाजी कसला! प्रत्येक विमानामागे देशाच्या कारभारावर दोन ओळी ठरलेल्या. लिबरेटर हे बाँबफेकी विमान दिसलं की त्याला हटकून भरतं यायचं. गोरा साहेब जाताना ही विमानं मोडून, नासवून टाकून गेला आणि इथल्या माणसांनी ती पुन्हा उडवली. “देशही असाच चालवायला हवा,” तो म्हणायचा. “आधी मोडलंय हे कबूल करा, मग हत्यारं हातात घ्या. हे दिल्लीवाले मोडलेलं कबूलच करत नाहीत.” हे बोलायला त्याला हक्काचं एकच माणूस होतं, ते म्हणजे आप्पाजी. त्याच कचेरीतून निवृत्त झालेले मोठे रेकॉर्डकीपर. यांच्या अंगावर खादी, घरात नेत्यांच्या तसबिरी, त्यांना रोज हार. पंधरा वर्षं संध्याकाळी दोघं ओट्यावर बसून भांडत आले होते. “तुझ्या विमानांनी कुणाचं पोट भरलंय का रे?” म्हणणारे आप्पाजी, डोक्यावरून विमान गेलं तरी मान वर करायचे नाहीत. मुद्दाम.

“वाचा,” साहेब म्हणाले.

कृष्णाजीनं एक पान वाचलं. सकाळी सात वाजून वीस मिनिटं, पिवळं हारवर्ड, पूर्वेकडे.

“तुम्हीच लिहिलंत, तुम्हीच वाचताय. मला कसं कळायचं खरं काय ते? दुसरं कुणी वाचणारं आहे का?”

“नाही, साहेब,” कृष्णाजी घाईनं म्हणाला.

तेवढ्यात अंबूबाई कॉफीचा लोटा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली. नवऱ्याची सुटका करायची तिची तगमग. “अहो, असं काय करता? आप्पाजी अण्णा आहेत की! त्यांनीच तर शिकवली ना तुम्हाला? साहेब, चौथं घर आहे त्यांचं. बोलवा खुशाल.”

कृष्णाजीनं बायकोवर डोळे वटारले, तशी तिनं लोटा साहेबांपुढं ठेवला. पण तीर सुटला होता. हवालदार गेलासुद्धा.

सरकारचा पगार खाऊन सरकारला नावं ठेवलेली त्या वह्यांत पानोपानी होती. तेवढं बाहेर आलं तरी नोकरी गेली आणि आजच्या दिवसांत नोकरीवर थांबलं तर नशीब. पण कृष्णाजी धास्तावला होता तो त्यामुळे नाही. शेवटच्या वहीत अठ्ठावीस ऑक्टोबरचं पान होतं. ऐन दिवाळीत आप्पाजींचा एकुलता एक नागनाथ आसामकडे रवाना झाला. चोवीस वर्षांचं पोर, वायुदलात वायरलेसवर. डकोटातून डोंगरातल्या फौजेला धान्य-दारूगोळा टाकायचं काम. स्टेशनावर आप्पाजींनी जन्मात पहिल्यांदा विमानाबद्दल विचारलं होतं, “कृष्णा, ही डकोटा कशी असते रे?” आणि कृष्णाजीनं छाती ठोकून सांगितलं होतं, “अण्णा, आईची मांडी आहे ती. एक इंजिन बंद पडलं तरी दुसऱ्यावर घरी आणते.”

घरी येऊन त्यानं वहीत खरं लिहिलं. डकोटा गुणी आहे, पण म्हातारी आहे. ओझं घेऊन अरुंद दरीत खाली जायचं, समोर ढग आणि वर यायला जागा नाही. लढाऊ विमानं दावणीला बांधून ठेवलीत आणि या म्हातारीला एकटीला पाठवतात. पाठवणाऱ्यांनी ती दरी कधी बघितली आहे का? अण्णांशी खोटं बोललो. पोरगा परत आला तर देव आहे म्हणायचं.

नागनाथ जाऊन सतरा दिवस झाले होते. पत्र नव्हतं.

आप्पाजी आले ते धोतराचा सोगा सावरत, चष्मा पुसत. खोलीतल्या सगळ्यांवरून त्यांनी एकदा नजर फिरवली आणि खुर्चीत बसले. कृष्णाजीकडे त्यांनी बघितलंच नाही.

“यजमानरे,” साहेब जरा नरम आवाजात म्हणाले, “हे जसं आहे तसं वाचायचं. एक शब्द इकडचा तिकडे नको. खाली सही करावी लागेल तुम्हाला.”

“छत्तीस वर्षं सरकारी कागद वाचलेत मी,” आप्पाजी म्हणाले. “चुकीच्या कागदावर माझी सही नाही. आणा.”

साहेबांनी मधलंच एक पान उघडून दिलं. जूनमधलं. आप्पाजींनी स्वच्छ आवाजात वाचलं. “सकाळी नऊ वाजून पाच मिनिटं. लिबरेटर. चार इंजिनं. वायव्येकडे.” पुढे त्यांच्या भुवया वर चढल्या. कृष्णाजीला ते पान पाठ होतं. दिल्लीतल्या शहाण्यांना त्यानं तिथं झोपाळू म्हटलं होतं, आणि बरंच काही.

आप्पाजींनी घसा खाकरला. “‘आपलं सरकार योग्य तेच करीत आहे. पुढाऱ्यांवर विश्वास ठेवावा, सामान्य माणसानं धीर धरावा.’”

अंबूबाईनं पदर तोंडाला लावला. नवऱ्याच्या तोंडून हे वाक्य वीस वर्षांत तिनं ऐकलं नव्हतं. ऐकलं होतं ते आप्पाजींच्या तोंडून, रोज संध्याकाळी, ओट्यावरून. कृष्णाजी कानापर्यंत लाल झाला. ज्या मतांपायी त्यानं या माणसाशी पंधरा वर्षं भांडण केलं, त्याच माणसाची मतं आता याच्या वहीतून, याच्या नावावर बाहेर पडत होती आणि याला हूं का चूं करायची सोय नव्हती.

आणखी तीन पानं झाली. तिन्ही पानांवर कृष्णाजी पक्का सरकारभक्त निघाला. एका पानावर तर त्यानं सूतकताईचे फायदेही लिहिलेले निघाले. साहेबांच्या कपाळावरची आठी सैल होत चालली. कृष्णाजीला वाटलं, सुटलो. मग साहेबांनी शेवटची वही उचलली, बोट ओलं केलं आणि पानं मागून उलटायला लागले.

“साहेब, ती राहू द्या,” कृष्णाजी बोलून गेला.

साहेबांचं बोट थांबलं. “का?”

“काही नाही. म्हणजे... तेच आहे सगळं.”

“तेच आहे, तर मग राहू का द्यायची?” आवाज पुन्हा कडक झाला. हवालदारही दारातून एक पाऊल आत आला. “कुठलं पान आहे? ऑक्टोबर? इथं विमानाचं चित्रही काढलेलं दिसतंय. हेच वाचा, यजमानरे.”

“अण्णा, नको,” कृष्णाजी म्हणाला. “पाया पडतो तुमच्या. ते पान नको.”

खिडकीतली डोकी आणखी आत सरकली. चोरी सापडली, असंच सगळ्यांना वाटलं. अंबूबाई भिंतीला टेकून खाली बसली. आप्पाजींनी आता प्रथमच कृष्णाजीकडे बघितलं, नीट बघितलं, आणि वही हातात घेतली.

त्यांचे डोळे रेघेखालून सरकत गेले. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. मोडी वाचणारा माणूस थांबत थांबत वाचत नाही, सरळ वाहत जातो. आप्पाजी मात्र थांबले. पुन्हा वर गेले. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. कृष्णाजीनं खाली मान घातली. आपल्याला धरून न्यावं, आत्ता न्यावं, पण इथं उभं राहायला लावू नये, असं त्याला झालं.

“काय लिहिलंय?” साहेबांनी विचारलं.

आप्पाजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग वाचायला लागले. आवाज त्यांचा नेहमीचाच होता, कचेरीतला.

“‘आज नागनाथ गेला. डकोटा विमान. फार गुणी विमान आहे. आईची मांडी आहे ती. एक इंजिन बंद पडलं तरी दुसऱ्यावर घरी आणते.’” मान वर करून ते म्हणाले, “एवढंच.”

पान तर काठोकाठ भरलेलं होतं. साहेबांनी ते बघितलं. त्यांनी आप्पाजींकडेही बघितलं.

“नागनाथ कोण?”

“माझा मुलगा. वायुदलात आहे. तिकडे आसामात.”

“पत्र येतं?”

“नाही. सतरा दिवस झाले.”

 साहेबांनी कॉफीचा लोटा उचलला. कॉफी कधीच गार झालेली, ती एका घोटात प्यायले आणि उठले. हवालदारानं कागद पुढे केला: वह्या वाचल्या, आक्षेपार्ह काही नाही. आप्पाजींनी खाली सही केली. छत्तीस वर्षांतली पहिली खोटी सही, पण तीही वळणदार.

“वह्या मात्र ठाण्यात राहतील,” साहेब कृष्णाजीला म्हणाले. “आणि पुन्हा लिहायचं नाही. वर बघायचं असेल तर देवळात जाऊन कळसाकडे बघा. कळलं?”

“सरी, साहेब. नाही लिहिणार.”

वीस वर्षांचं आभाळ हवालदारानं सुतळीनं बांधलं आणि सायकलच्या कॅरिअरला लावलं. खिडकी रिकामी झाली. अंबूबाई नवी कॉफी ठेवायला आत गेली. तिचं रडणं स्टोच्या आवाजात मिसळून गेलं. आप्पाजी खुर्चीतच बसून होते.

“अण्णा,” कृष्णाजी म्हणाला. 

“अक्षर अजून गिचमिडच आहे तुझं,” आप्पाजी म्हणाले. “किती वेळा सांगितलं, घाई करू नकोस.”

“स्टेशनावर मी खोटं बोललो, अण्णा. तुमचं तोंड बघवेना हो मला.”

“कळलं मला ते.”

“मी काय, इथं बसून लिहिणारा माणूस. मला कुठं ठाऊक आहेत तिथल्या दऱ्या? उगाच शहाणपणा केला. खरं मानू नका ते.”

“कृष्णा, आता पुन्हा खोटं बोलू नकोस,” आप्पाजी म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच फुटला. “साहेबापुढं मी बोललो, ते पुष्कळ झालं आजच्या दिवसाला.”

तेवढ्यात दक्षिणेकडून घरघर आली. कृष्णाजीचा हात सवयीनं खिशातल्या पेन्सिलीकडे गेला आणि तिथंच राहिला. तो जागचा हलला नाही. उठले ते आप्पाजी. खुर्चीच्या हाताला धरून उठले, ओट्यावर गेले, कपाळावर आडवा हात धरला आणि म्हातारी मान जेवढी मागे जाईल तेवढी मागे नेऊन वर बघायला लागले. रस्त्यावरून जाणारा दूधवाला सायकल थांबवून त्यांच्याकडे बघत राहिला.

“कुठलं रे?”

“डकोटा,” कृष्णाजी आतूनच म्हणाला.

“तिकडून आली असेल का?”

हो म्हणणं किती सोपं होतं! ते जिभेवर आलंही होतं. कृष्णाजी उठून बाहेर आला आणि त्यांच्या शेजारी उभा राहिला.

“नाही, अण्णा. ही इथलीच. दुरुस्तीला आलेली असणार. डावं इंजिन खरखरतंय, ऐका.”

आप्पाजींनी ऐकलं. विमान छपरांच्या मागे गेलं, आवाजही गेला. तरी त्यांनी कपाळावरचा हात काढला नव्हता.

“किती वाजले?”

“दहाला पाच कमी.”

“मग लिही.”

“वही नाही, अण्णा. नेल्या सगळ्या.”

“मग सांग,” आप्पाजी म्हणाले. “मी लक्षात ठेवतो.”

आणि कृष्णाजी सांगायला लागला. दहाला पाच कमी, डकोटा, दक्षिणेकडून उत्तरेकडे.