इस्त्रीच्या रुळापुढची नवी

मित्रांनो, इस्त्री म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे मुठीत धरायची इस्त्री येते. मी तिचा थोरला भाऊ. मी एक जुना इस्त्रीचा रूळ आहे. लाटण्यासारखा गोल, पण दोन माणसं एका ओळीत झोपतील एवढा लांब. माझ्या पोटात वाफ खेळवत आणि माझ्याखालून चादरी सरकवत. ओलसर आत गेलेली चादर पलीकडून कोरी, कडक होऊन निघे. एका मोठ्या धुलाई कारखान्यात, मागच्या खोलीत, माझा जन्म गेला. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी तिथे येत.

माझ्यापुढे नेहमी दोघी लागायच्या. एकीने एक टोक धरायचं, दुसरीने दुसरं, आणि दोघींनी सारखंच ताणून चादर माझ्या हवाली करायची. एकीचा हात जरा सैल पडला की सुरकुती पडलीच म्हणून समजा. त्यामुळे माझ्यापुढच्या बायका चादरीकडे कमी आणि एकमेकींकडे जास्त बघत.

त्यांतली एक पुढे मुकादमबाई झाली. तेव्हा ती साधी कामकरीण होती, पण मी तिला मुकादमबाईच म्हणणार. मोठ्या आवाजाची, मोठ्या मनाची बाई. खोलीत हसणं असे ते तिच्यामुळे.

मग दूरच्या एका देशात लढाई पेटली आणि आमच्या गावात निर्वासित आले. एके दिवशी त्यांच्यातली एक बाई माझ्यापुढे येऊन उभी राहिली. तिचं नाव कुणाच्या जिभेवर बसेना. मालक म्हणाला, "ती नवी कुठाय? तिला रुळावर लावा." झालं, ती नवी झाली. पुढे तिच्यामागून कितीतरी जणी आल्या, तिचे केस पांढरे झाले, तरी ती नवीच राहिली.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. जेवणाच्या सुट्टीत नवी स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाली, "मी... बाळ."

"बाळ आहे तुला? किती?" मुकादमबाईने विचारलं.

नवीने दहा बोटं दाखवली. मुठी मिटल्या, पुन्हा दहा दाखवली. पुन्हा मिटल्या, पुन्हा दहा.

"अगं बाई! नवरा कामाला जातो की नाही?" मुकादमबाई ओरडली आणि सगळ्या लोटपोट झाल्या.

नवीला शब्द कळले नाहीत, पण हसणं कळलं. तिने एक उशीचा अभ्रा उचलला, गुंडाळून तान्ह्या बाळाएवढा केला, पाय धरून उलटा केला आणि पाठीवर हलकेच चापट मारली. मग कान लावून ऐकलं. मग चेहरा असा उजळला की खरंच एखादं बाळ पहिल्यांदा रडलं असावं. हसणं एकदम थांबलं.

"बाळंतपणं करतेस होय तू," मुकादमबाई हळूच म्हणाली.

"दवाखाना," नवी म्हणाली. तेवढा शब्द तिला येत होता.

पण मित्रांनो, ते दिवस कौतुकाचे नव्हते. आधीच्या बायकांनी पगारवाढ मागितली तेव्हा मालक म्हणाला, "बाहेर दहाजणी उभ्या आहेत, याहून कमीत." पलीकडे घड्या घालणारी एक उंच बाई रागाने काम सोडून गेली. जाताना म्हणाली, "ह्यांना घर नाही म्हणून आमच्या चुली विझवायच्या का?" पुष्कळ दिवस ती घरीच बसली. तिची भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण बाहेरच्यांना कमी पैशांत राबवायचं ठरवलं ते मालकाने, आणि शिव्या मात्र नवीने खाल्ल्या.

वर्षं गेली तसा कारखाना वाढला. आता हॉटेलवाल्यांशी बोलायला, तक्रारी ऐकायला, नव्या बायकांवर देखरेख करायला माणसं हवी होती. ती कामं इथली भाषा बोलणाऱ्यांना मिळाली. उंच बाई परत आली ती थेट पुढच्या खोलीत, खुर्चीवर बसून. मुकादमबाई मुकादम झाली. मालकाशी भांडून तिने नवीचा पगार इतरांच्या बरोबरीला आणला. जिला बोलता येत होतं ती पुढे सरकली आणि जिला येत नव्हतं ती माझ्यापुढेच राहिली. माझा आवाज एवढा की बोललेलं ऐकू येत नसे. नवी माझ्यापाशी जी भाषा शिकली ती एवढीच: धर, ओढ, सोड, झालं.

पलीकडच्या शाळेत संध्याकाळी, नेमके नवीच्या कामाच्याच वेळी, निर्वासितांसाठी भाषेचे वर्ग निघाले. भाषेची परीक्षा दिली की दवाखान्यात घेतात, असं नवीला कळलं. ती मुकादमबाईकडे गेली.

"ताई, मला सकाळ काम. संध्याकाळ शाळा."

"जा की गं, नाही कोण म्हणतंय! फक्त एवढा हंगाम जाऊ दे. हॉटेलं भरलीत, तुझ्याशिवाय रूळ कोण सांभाळणार?"

हंगाम गेला. नवीने पुन्हा विचारलं. तेव्हा दवाखान्याचं मोठं काम आलं होतं. नंतर विचारलं तेव्हा नव्या मुलींना शिकवायचं होतं. मुकादमबाई दुष्ट नव्हती हो. नवी तापाने पडली तेव्हा स्वतः डबा घेऊन गेलेली बाई ती. पण नवीइतकी ताणून चादर धरणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि हाताशी आलेलं चांगलं माणूस कोण सोडतो? हळूहळू नवीने विचारायचं बंद केलं. मुकादमबाईला वाटलं, रमली.

एका दुपारी गाडीवाला दवाखान्याच्या चादरी घेऊन आला. गाठोडी नेहमीपेक्षा कमी होती.

"बाकीच्या कुठायत?" मुकादमबाईने विचारलं.

"बाळंतपणाचा मजला बंद केला त्यांनी. माणसंच नाहीत म्हणे. आता बाहेरदेशातून नर्स मागवणार आहेत."

मुकादमबाई गाठोडी तिथेच टाकून माझ्याकडे आली. तिने माझी वाफ बंद केली. भर कामात मला असं कुणी कधी थांबवलं नव्हतं.

"नवी, चल. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जाऊ. मी बोलते त्यांच्याशी. तू नुसती उभी राहा."

नवीने सगळं ऐकून घेतलं. आता तिला पुष्कळ कळत होतं. तिने दोन्ही हात पुढे केले. टोकं धरून धरून बोटं आकड्यासारखी वाकली होती. माझ्या धगीने शेंडे चामड्यासारखे कडक झाले होते.

"ताई, बाळ फार मऊ असतं," ती म्हणाली. "ह्या बोटांना आता मऊ कळत नाही."

ती रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. मुकादमबाईने ते हात आपल्या दोन्ही हातांत धरले. ती बोटं माझ्यापुढेच वाकली होती.

दुसऱ्या दिवसापासून मुकादमबाईने वर्गाला जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकीला सकाळचं काम लावून दिलं. कुणी सुतारकाम जाणणारी निघाली, कुणी हिशेबनीस. एकेक करून त्या निघून गेल्या. माझ्यापुढे कच्चे हात आले आणि चादरी वाकड्या निघू लागल्या. मालक तणतणत आला.

"काय चाललंय हे? सुरकुत्या बघा जरा!"

"पडू देत," मुकादमबाई म्हणाली.

नवी पुढे थकून घरी बसली. माझ्या जागी नवं यंत्र आलं. ते चादर आपली आपणच ओढून घेतं, पुढे कुणी लागत नाही. मी मागच्या अंगणात गंजत पडलो आहे.

मित्रांनो, मला तेलपाणी करा असं मी सांगणार नाही. माझं झालं ते झालं. पण तुमच्या गावात, शाळेत, कामावर कुणी घरदार सोडून आलेलं माणूस आलं, तर त्याला लगेच झाडू किंवा चादर देऊ नका. आधी विचारा, "बाबा रे, तिकडे तू काय करत होतास?" शब्द अडले तर हातवारे करून विचारा. आणि उत्तर कळलं की उद्यावर टाकू नका. आमच्या गावात पुष्कळ बाळं अजून जन्माला यायची होती. त्यांना पहिली चापट मारणारे हात तिथेच होते, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून ते चादरीला लावले.