पैलतीरी माझी गाय उभी

त्या वर्षी आम्ही तिघं, म्हणजे बँजोवाला अर्विन, खर्जातला हॉलिस आणि मी, व्हर्ना, कुणालाच चालेनासे झालो होतो. कुणीतरी आम्हाला कम्युनिस्ट म्हटलं, त्या काळच्या अमेरिकेत तेवढं पुरे होतं, आणि रेडिओने आमच्या तबकड्या लावणं बंद केलं. क्लबवाले फोन उचलेनात. अशात व्हरमाँटमधल्या एका खेड्यातून ब्लांश ऑस्ट्रँडर नावाच्या निवृत्त शिक्षिकेचं बोलावणं आलं. सफरचंदांच्या हंगामाचं गावजेवण आहे, येऊन गा.

पोचलो, तर शाळेच्या सभागृहाच्या दारात समितीचा अध्यक्ष डेल्बर्ट आडवा उभा.

"बाई, ह्यांना इथे गाता येणार नाही. ठराव झालाय."

"डेल्बर्ट, तिसरीपासून तुझं हे असंच! गायचं नाही, एवढंच ना?"

"हो."

"वाजवलेलं चालेल?"

डेल्बर्ट घुटमळला. "ठरावात तसं काही नाही..."

"मग हो बाजूला. जेवण गार होतंय." बाई आमच्याकडे वळल्या. "पोरांनो, आज तोंड उघडायचं ते फक्त खायला."

आम्ही ओठ मिटून स्टेजवर उभे राहिलो. अर्विनने नावाड्याचं गाणं छेडलं. आई गेली तेव्हा त्याने ते लिहिलं होतं. मग बाईंनी चिरक्या आवाजात सुरुवात केली, आणि बघता बघता सगळं सभागृह गाऊ लागलं. आमची तबकडी ह्या लोकांनी झिजेपर्यंत ऐकली होती! माझे डोळे भरून आले.

ध्रुपदाची शेवटची ओळ होती, 'पैलतीरी माझी माय उभी'. सगळ्यांनी गळा भरून गायली, 'पैलतीरी माझी गाय उभी'.

अर्विनचा हात तारेवरून घसरला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी ओठ चावला. हॉलिसने प्रेक्षकांकडे पाठ केली, त्याचे खांदे गदगदत होते. दर कडव्याला गाय! दारातला डेल्बर्टसुद्धा गात होता, तेही सगळ्यांहून मोठ्याने.

जेवताना अर्विनने एका शेतकऱ्याला गाठलं. "अहो, ती माय आहे, माय!"

"असं होय?" शेतकरी चावता चावता विचारात पडला. "पण एवढ्या थंडीत म्हाताऱ्या आईला नदीवर कोण उभं करतं? आमची गायच बरी. त्या ओळीला आमची ही दरवेळी रडते."

परतताना अर्विन बराच वेळ फुगून बसला होता. मग म्हणाला, "व्हर्ना, गाडी तू चालव." मागे बसून त्याने गाईसाठी नवं कडवं रचलं. धुकं दाटतं, काठ दिसेनासा होतो, आणि गाईच्या हंबरण्यावरून नावाडी नाव किनाऱ्याला लावतो.

पुढे बंदी उठली, आम्हीही पांगलो. आज उन्हाळी शिबिरांतली पोरं सगळ्यात जोरात तेच कडवं म्हणतात. कुणी रचलं, ते त्यांना ठाऊक नसतं. मी एकदा चिडून अर्विनला म्हटलं, "तुला काहीच कसं वाटत नाही रे?"

"वाटतं ना," अर्विन म्हणाला. "आई हे ऐकायला असायला हवी होती. पोट धरून हसली असती."