इशारा न आलेला फोन

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं म्हणणाऱ्यांतली मी नव्हे. माझ्या भाचीचे दोष कोणी विचारले तर एका दमात सांगेन: धड जेवत नाही, फोन उचलत नाही, आणि एकदा नाही म्हणाली की ब्रह्मदेव आला तरी हो म्हणायची नाही. पण त्या दिवशी प्रदर्शनाच्या हॉलमध्ये तिने जे केलं ते बघून मी, गाद्यांच्या धंद्यात केस पांढरे झालेली बाई, चारचौघांत रडले. आनंदाने रडले, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे उगाच कोणी घाबरायला नको.

माझ्या भावाची ही मुलगी एका होस्टिंग कंपनीत आहे. दातांच्या दवाखान्यावर दोन खोल्या, मोजकी माणसं आणि सतत गुरगुरणारा एसी, एवढीच कंपनी. आमच्यासारख्या शंभरएक दुकानांच्या वेबसाइट आणि मेल हे लोक एकाच सर्व्हरवर सांभाळतात. एका इमारतीत बिऱ्हाडं असावीत तसं आहे ते. एकाने खालचं दार उघडं टाकलं की चोर सगळ्यांच्या जिन्यात.

आणि खालचं दार वर्षानुवर्षं उघडंच होतं. मेलचा पासवर्ड फोनमधून सर्व्हरकडे जायचा तो उघडावाघडा, वाटेत कोणीही वाचावा असा. सुरक्षित पद्धत होती, पण ती लावली की फोन ओरडायचा: ‘सर्व्हरचं सर्टिफिकेट जुळत नाही, पुढे जायचं का?’ कारण सर्टिफिकेटवर, म्हणजे सर्व्हरच्या ओळखपत्रावर, नाव कंपनीच्या सर्व्हरचं आणि आम्ही फोनमध्ये नाव घातलेलं आपापल्या दुकानाचं. कंपनीला विचारलं की एकच उत्तर, ‘काही नाही हो, बिनधास्त हो दाबा.’ मग आम्ही दाबायचो. त्या इशाऱ्याचं आम्ही पायपुसणं करून टाकलं होतं.

भाचीने हे सगळं मोडायचं ठरवलं. प्रत्येकाच्या फोनमध्ये सर्व्हरचं खरं नाव घालायचं, लॉगिन एन्क्रिप्टेड, म्हणजे वाटेत कोणाला वाचता येणार नाही असं, करायचं आणि जुना उघडा रस्ता कायमचा बंद. सुरुवात माझ्या दुकानापासून.

“आत्या, आजपासून तो इशारा आला तर हो दाबायचं नाही.”

“आणि माझ्या ऑर्डरी?”

“थांबतील.”

“थांबतील म्हणजे? गिऱ्हाईक थांबतं का गं कुठे?”

“इतकी वर्षं आम्हीच तुम्हाला चुकीचं शिकवलं. आता तो उगाच येणार नाही. आला, तर समज, खरंच काहीतरी गडबड आहे.”

मी बरंच बोलले. माझ्या नाकावर राग असतो हे सगळ्या बाजाराला ठाऊक आहे. तिने तेवढ्यात माझ्या दोन्ही फोनची सेटिंग बदलून टाकली.

बाकीचे दुकानदारही कुरकुरले, पण बदलले. अडून बसले ते एकटे आमच्या व्यापारी संघाचे अध्यक्ष. त्यांचं रंगांचं मोठं दुकान, म्हणून सगळे त्यांना रंगवालेच म्हणतात. कंपनीची अर्धी गिऱ्हाइकं त्यांच्या शब्दाखातर आलेली, त्यामुळे मालकाने त्यांच्यापुरता जुना रस्ता उघडा ठेवला. वर भाचीला बजावलं, “संघाचं प्रदर्शन होऊ दे. तिथे संघाची एक जरी तक्रार आली, तर सगळं पूर्वीसारखं करायचं आणि तू दुसरं काम बघायचं.” तिने मला हे सांगितलं आणि पुन्हा शांतपणे चहा पिऊ लागली.

प्रदर्शनात माझा स्टॉल एका टोकाला होता आणि रंगवाल्यांचा समोरच. लोकांना मदत लागली तर असावी म्हणून भाची लॅपटॉप घेऊन माझ्याकडे बसली होती. हॉलचं वायफाय फुकट, तेव्हा सगळ्यांनी आल्या आल्या तेच लावलं. आणि गर्दी जमते न जमते तोच एकेकाचा फोन ओरडायला लागला. ‘सर्टिफिकेट जुळत नाही.’ माझाही. बोट सवयीने पुढे गेलं होतं, मी ते मागे घेतलं.

“झालं तुमच्या भाचीचं कौतुक!” शेजारच्या स्टॉलवरचा चष्मेवाला माझ्यावर खेकसला. पलीकडच्या स्टॉलवरची आरसेवाली त्याच्यामागे उभी. हा हा म्हणता दहा-पंधरा जण जमले.

त्यांना बाजूला सारत रंगवाले फोन नाचवत आले. “माझं बघा! जुनी पद्धत. इशारा नाही, बिशारा नाही, मेल धडाधड येतायत. कानामागून आली आणि तिखट झाली ही पोरगी! मी आत्ताच तिच्या मालकाला फोन केलाय.”

भाचीने माझा फोन घेतला, दाराशी गेली, वायफाय बंद करून मोबाइलच्या नेटवर मेल उघडला. मुकाट उघडला. पुन्हा हॉलचं वायफाय लावलं, पुन्हा इशारा. ती वळली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता.

“काका, तुम्हीही याच वायफायवर आहात?”

“मग काय!”

“आधी फोन बंद करा, मग पासवर्ड बदलू. वाटेत कोणीतरी बसलंय, आमच्या सर्व्हरचं सोंग घेऊन. यांचे फोन त्याला ओळख विचारतात, ती खोटी निघते, म्हणून ओरडतात. तुमचा फोन काही विचारतच नाही. जो समोर येईल त्याला पासवर्ड देऊन मोकळा होतो.”

“घे, केला बंद!” त्यांनी फोन बंद करून टेबलावर आपटला. “पण पासवर्ड बदलणार नाही. तू कोण मला सांगणार?”

तेवढ्यात मालकाचा फोन आला. तो इतका ओरडत होता की आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं. “जुना रस्ता सगळ्यांना उघडून दे! आत्ताच्या आत्ता!”

“नाही सर,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मग माझ्या नमुन्याच्या गादीवर लॅपटॉप ठेवून, तो मोबाइलच्या नेटला जोडून तिने काहीतरी टाइप केलं. “काका, तुमचं खातं मी बंद केलंय. मेल सगळे सुरक्षित आहेत. नवा पासवर्ड घालेपर्यंत आत कोणी जाणार नाही. तुम्हीसुद्धा नाही.”

नोकरी गेली, मला वाटलं. रंगवाल्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, ते काय काय बोलले ते लिहीत नाही. ती नुसती स्क्रीनकडे बघत होती. आणि मग तिने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

“वाचा काका.”

रंगवाल्यांनी मोठ्याने वाचलं. “पासवर्ड बरोबर. खातं बंद. प्रवेश नाकारला.” खाली तीच ओळ पुन्हा आली. मग आणखी एकदा.

“तुमच्या खात्यात शिरायला बघतंय कोणीतरी. आत्ता, या क्षणी. पासवर्ड कोणाला दिलाय?”

“बायकोलासुद्धा नाही.”

“दुकानात?”

“कोणालाच नाही.” त्यांनी टेबलावरच्या फोनकडे पाहिलं. फोन बंदच होता. स्क्रीनवर चौथी ओळ उमटली.

चष्मेवाल्याने हळूच आपलं वायफाय बंद केलं, मग सगळ्यांनीच केलं. हॉलच्या नावाचंच दुसरं वायफाय कोणीतरी चालू केलं होतं, हे व्यवस्थापकाने नंतर शोधून काढलं. माणूस मात्र सापडला नाही. पण मला त्याचं काय! मी माझ्या भाचीकडे बघत होते. एवढ्या आरडाओरड्यात तिचा आवाज एकदाही चढला नव्हता. आमच्या घराण्यात हे कोणाला जमलेलं नाही, मला तर नाहीच. अभिमानाने माझा ऊर भरून आला.

मालकाचा पुन्हा फोन. या वेळी तिने स्पीकर लावला.

“अध्यक्षांचं खातं कोणाच्या परवानगीने बंद केलंस तू?”

तिने तोंड उघडलं, पण रंगवाल्यांनी हात पुढे करून फोन आपल्याकडे घेतला.

“माझ्या,” ते म्हणाले. “मीच सांगितलं तिला.”

त्यांनी तसं काही सांगितलं नव्हतं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. एकानेही तोंड उघडलं नाही. आणि मी तर रडतच होते.